भाजीचं पाणी

“आणि पाणी?”

“कुठलं पाणी?”

“भाजी उकळून घेता ना, काकू? मग मागे राहिलेलं पाणी. त्याचं काय करता?”

आहारतज्ज्ञ मुलगी वयाने मावशींच्या भाचीएवढी. पेशंटला माप कळावं म्हणून टेबलावर तिने रबरी जेवण मांडून ठेवलं होतं: भाताची मूद, पावाचे दोन तुकडे, अर्धं सफरचंद. शेजारच्या खुर्चीतल्या मावशींच्या नवऱ्याने, पेंटरनी, ते सफरचंद दाबून बघितलं होतं आणि “हे चालेल का? यात ना साखर, ना पोटॅशियम,” असं विचारूनही झालं होतं. मुलगी हसली नव्हती. तिच्यासमोर रिपोर्ट होता. पोटॅशियम पाच पॉइंट नऊ. मागच्या महिन्यापेक्षा वर.

“फेकते,” मावशी म्हणाल्या.

“सगळं?”

“सगळं. मोरीत.”

मुलीने पेन खाली ठेवलं आणि मोर्चा पेंटरकडे वळवला. “मग काका, तुम्ही बाहेर काहीतरी खाताय. केळी? संत्री? खरं सांगा. मला रागवायचं नाहीये. पण हे असंच चढत गेलं ना, तर हृदय बसल्या जागी थांबतं.”

पेंटरनी एकदा बायकोकडे पाहिलं. मग सफरचंद होतं तिथे ठेवलं.

“केळी,” ते म्हणाले. “कोपऱ्यावर गाडी असते. रोज एक. कधी दोन.”

“बघा!” मुलगी म्हणाली आणि तिने कागदावर ‘केळी’ लिहून खाली दोन रेघा मारल्या.

पेंटर दोन महिन्यांत कोपऱ्यापर्यंत गेलेच नव्हते. सुजलेले पाय चपलेत मावत नव्हते.

•

मावशी म्हणजे मुलींच्या वसतिगृहाच्या मेसमधल्या मावशी. एकतीस वर्षं दोन्ही वेळा दीडशे ताटं. त्या मुलींनी मावशी म्हणायला सुरुवात केली, मग गल्लीने उचललं, आता पोस्टमनही मावशीच म्हणतो. मेसमध्ये नवीन बाई कामाला आली आणि तिने उकडलेल्या भाजीचं पाणी मोरीकडे नेलं, की मावशी तिचा हात वरच्या वर धरायच्या. “अगं, सत्त्व ओततेयस! आता चोथा वाढायचा का पोरींना?” त्या पाण्यात भात शिजायचा, सूप व्हायचं. पातेल्यातला थेंब वाया गेला नाही. सडपातळ म्हणून आलेल्या मुली जाताना आईला ओळखू यायच्या नाहीत.

किडनीच्या डॉक्टरांनी कागद दिला तेव्हा त्यात लिहिलेलं होतंच. भाजी बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा, पाणी फेकून द्या. मावशींनी चष्मा लावून दोनदा वाचलं. पहिल्या दोन गोष्टी केल्या. तिसरीपाशी त्यांचं मन अडलं. समोर नवरा महिन्याला दोन किलोने उतरत होता. डाळ अर्धी वाटी, दूध नाही, फळ नाही. अशा माणसाच्या तोंडचं सत्त्व मोरीत ओतायचं? हे कागद लिहिणारे लोक, मावशींच्या मते, कधी चुलीपुढे उभे राहिलेले नसणार. त्यांनी कोबी निथळून घेतला आणि त्याच पाण्यात भात लावला. पुढच्या दाराने घालवलेलं पोटॅशियम मागच्या दाराने रोज घरात येत राहिलं. चार महिने.

वाईट एवढंच, की ते त्यांनी जीव लावून केलं.

•

स्वयंपाकघरात प्लायवूडची एक पाटी आहे. पेंटरनी हयातभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. रोग झाला म्हणून हात थोडाच गप्प बसणार. साखरेच्या डॉक्टरांचा कागद आणि किडनीच्या डॉक्टरांचा कागद, दोन्ही त्यांनी एका पाटीवर उतरवले. चालेल ते हिरव्यात, चालणार नाही ते लाल. अक्षरं सोनाराच्या दुकानाला शोभतील अशी, सावलीसकट.

भात. साखर म्हणते, हातसडीचा घ्या. किडनी म्हणते, हातसडीचा मुळीच नको, पांढरा घ्या.

कडधान्यं. साखर: रोज. किडनी: अर्धी वाटी, तीही उपकार म्हणून.

शेंगदाणे. हिरवे. लाल.

टोमॅटो, पालक. हिरवे. लाल, लाल.

बटाटा. दोघांचंही नाही. (या एका गोष्टीवर त्यांचं जमलं.)

“दोन जावा एका चुलीवर नांदतील,” पेंटर म्हणायचे, “पण हे दोन डॉक्टर एका ताटात बसायचे नाहीत.” दोन्हीकडे हिरवं निघालं ते कोबी, फ्लॉवर, काकडी, ढोबळी मिरची आणि सफरचंदाच्या दोन फोडी. पाटीच्या तळाशी जागा उरली होती. तिथे त्यांनी सगळ्यात सुंदर अक्षरात लिहिलं: हवा – भरपूर.

पण पाटी चेष्टेची नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, “पथ्य नीट सांभाळलंत तर मशीन दोनेक वर्षं लांबेल. कदाचित.” मशीन म्हणजे रक्त धुणारं मशीन, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. पेंटरना त्याची धास्ती होती. ते एकदाच बोलले होते, तेही भिंतीकडे बघत: “त्या खुर्चीत मला बसवू नकोस. तिथून उठून कोणी काम करताना मी पाहिलं नाही.”

मावशींनी ‘दोन वर्षं’ ऐकलं. ‘कदाचित’ त्यांना ऐकू आलं नाही.

•

दवाखान्याबाहेरच्या बाकावर.

“केळी कधी खाल्लीत?”

“खाल्ली असती तर बरं झालं असतं. बदनामी तर झालीच.”

“थट्टा पुरे. खोटं का बोललात?”

“तू बोललीस म्हणून.”

“म्हणजे?”

“एकट्याने खोटं बोललं की माणूस उघडा पडतो. दोघं असली की निभतं.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“अगं, दिवसभर तुझ्या स्वयंपाकघरात बसून असतो मी. आंधळा झालोय का? अजून नाही. ते पुढच्या महिन्यात डोळ्यांचे डॉक्टर सांगतील.”

“पाटी तुम्हीच रंगवलीत. ‘पाणी फेका’ तुम्हीच लिहिलंत. मग बोलला का नाहीत?”

“त्या भाताला चव होती.”

“जिवापेक्षा चव मोठी?”

“नाही गं. पण तू वाढताना अशी बघायचीस ना, मेसमध्ये पहिल्या पंगतीकडे बघावं तशी. म्हटलं, असू दे. हिचं तरी पोट भरतंय.”

रिक्षा आली. पेंटरना चढवायला मावशींना त्यांचा पाय दोन्ही हातांनी उचलावा लागला.

•

त्या दिवसापासून पाणी मोरीत जाऊ लागलं. पहिल्या दिवशी मावशींनी तोंड फिरवून ओतलं. हिरवट, वाफाळतं, कोबीच्या वासाचं. शेजारीण खिडकीतून म्हणाली, “मावशी, आज कोबी का?” वास मोरीतून तिच्या घरापर्यंत गेला होता. सगळं सत्त्व शेजारी.

सोमवार. कोबी. अर्धी वाटी गेली.

मंगळवार. फ्लॉवर. चार घास.

बुधवार. कोबी. “जरा मीठ?” “नाही.” “विचारलं आपलं.”

गुरुवार. काकडी. तोंडाला धातूची चव येते म्हणाले. चमचा स्टीलचा आहे म्हणून असेल. लाकडी चमचा आणला.

शुक्रवार. लाकडाची चव येते म्हणाले.

शनिवार. भात तसाच. मावशींनी तो संध्याकाळी स्वतः खाल्ला आणि त्यांना कळलं, की एकतीस वर्षांत आपण इतकं वाईट कधी रांधलं नव्हतं. आणि हेच बरोबर होतं.

•

मग चांगली बातमी आली.

पोटॅशियम पाच पॉइंट एकवर उतरलं. ते एक. आणि जी साखर दहा वर्षांत दोनशेच्या खाली आली की घरात आनंद व्हायचा, ती सकाळी एकशे चार निघाली. दुसऱ्या दिवशी शहाण्णव. इन्शुलिनचा डोस तोच, आणि साखर मात्र शाळेतल्या शहाण्या मुलीसारखी ओळीत. लेकीचा लांबून फोन आला. “आई, जिंकलीस तू! मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं.” मावशींनी तो फोन स्पीकरवर लावला आणि खिडकी उघडी ठेवली.

“बघितलंत?” त्या पेंटरना म्हणाल्या. “कोबीने केलं.”

“कोबीचा पुतळा उभारू,” पेंटर म्हणाले. “चौकात जागा आहे.”

त्या दोन आठवड्यांत मावशी एकदा गाणं गुणगुणल्या. स्वतःच दचकून थांबल्या.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारी जेवण होऊन तासभर झाला असेल, पेंटर घामाने चिंब झाले आणि असंबद्ध बोलू लागले. दुकानाच्या मालकाला सांगत होते की उद्या दुसरा हात मारतो, आज रंग वाळू द्या. मावशींनी बोट टोचलं. बावन्न. जुना धडा पाठ होता: साखर पडली की संत्र्याचा रस. पाहुण्यांसाठी आणलेला डबा त्यांनी फोडलासुद्धा. मग किडनीचा कागद आठवला. संत्रं, लाल. एका हातात रस, दुसऱ्या हातात साखरेचा डबा, समोर नवरा घसरत चाललेला, आणि त्या क्षणभर तशाच उभ्या. मग साखर पाण्यात कालवून चमच्याने, ओठ उघडून, एक एक.

पाच मिनिटांनी पेंटरनी डोळे उघडले. “गोड,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडावर इतकं सुख होतं की मावशींना रडू आलं.

•

“साखर सुधारलेली नाही, काकू.” किडनीचे डॉक्टर रिपोर्ट चाळत होते. “टोचलेलं इन्शुलिन शरीरातून बाहेर टाकायचं काम थोडंफार किडनी करते. ती थकली की इन्शुलिन आतच रेंगाळतं. म्हणून साखर पडते. शिवाय यांचं खाणंही सुटलंय. डोस निम्म्यावर आणू. आणि आता मशीन लांबवता येणार नाही. याच आठवड्यात.”

नर्स पेंटरना वजन करायला घेऊन गेली. मावशी मात्र उठल्या नाहीत.

“डॉक्टर, मी पाणी वापरत होते.”

“कसलं?”

“भाजीचं. त्यात भात करत होते. चार महिने. मॅडमना खोटं सांगितलं. यांनी केळी कधीच खाल्ली नाहीत.”

डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर केली. मावशींनी हात मांडीवर ठेवले होते आणि त्या जे मिळेल ते घ्यायला तयार होत्या.

“त्याने पोटॅशियम वाढतं,” डॉक्टर म्हणाले. “जिवावर बेतलं असतं. वेळेवर बंद केलंत ते बरं झालं. पण किडनी त्याने जात नाही. ती वीस वर्षांच्या साखरेने गेली. तुम्ही काही केलेलं नाही.”

“मग नंतर सगळं नीट केलं, त्याने काही…?”

“काकू, हे आज ना उद्या होणारच होतं.”

“आज आणि उद्यात किती दिवस होते?”

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, एवढा त्यांचा चांगुलपणा. “ते कोणीच सांगू शकत नाही,” ते म्हणाले, आणि पुढचा पेशंट आत आला.

बाहेर येऊन मावशी भिंतीला टेकल्या. शिक्षा घ्यायला गेलेल्या बाईला सोडून दिलं होतं. आनंद व्हायला हवा होता. पण त्यांचा दोष नव्हता, तर मग त्यांचा हातही कशात नव्हता. ना चुकलेल्या भातात, ना बरोबर केलेल्या कोबीत. दीडशे मुलींना माणसात आणणारा तो हात त्यांनी उलटा-सुलटा करून बघितला, एखाद्या अनोळखी वस्तूकडे बघावं तसा.

•

मशीन सुरू झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात रबरी जेवणवाल्या मुलीने नवा कागद दिला. जुना आता विसरायचा. मशीन प्रथिनं खेचून घेतं, तेव्हा आता प्रथिनं वाढवायची. रोज तीन-चार अंडी, पण पांढरं तेवढंच, बलक नको. पाणी मात्र दिवसाला पाऊण लिटर, सूप-चहा धरून. “आता भरपूर खायचं, काका!” ती म्हणाली. मन लावून म्हणाली. पेंटर हसले. त्यांची भूक गेली त्याला महिना होऊन गेला होता.

ती बुधवारची दुपार होती. मशीनवरून आल्यावर पेंटर स्वयंपाकघरातल्या खुर्चीत डोळे मिटून बसले. मानेपाशी, नळी घातली होती तिथे, पट्टी. आजचं पाऊण लिटर एक वाजताच संपलं होतं, रिकामी बाटली त्यांनी स्वतःच आडवी करून ठेवली होती. मावशींनी चार अंडी उकडली, सोलली, दोऱ्याने मधोमध कापली, पांढरं बशीत मांडलं.

“घ्या.”

त्यांनी एक तुकडा तोंडात घेतला, बराच वेळ चावला.

“ठेव. उठल्यावर खातो.”

“नक्की?”

“तुझी शपथ.”

त्यांची मान हळूहळू एका बाजूला कलली. मावशींनी बशीवर झाकण ठेवलं. ओट्यावर चार बलक उरले होते. ते त्यांनी उभ्या उभ्या खाल्ले, एकामागून एक, कोरडे. चौथा घशात अडकला. त्या तशाच उभ्या राहिल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, खुर्चीतला श्वास सारखा चालतोय की नाही ते ऐकत. मग त्यांनी नळ अगदी बारीक सोडला, धारेखाली ओंजळ धरली आणि पाणी प्यायल्या. नुसते ओठ टेकवून, आवाज होऊ नये म्हणून.