मागचा माईक

बायनाबाई उंदीरवाडे सव्वीस वर्षं गुणवंतराव रामटेक्यांच्या मागे बसून गायली. चामोर्शीची ती बुद्ध-भीमगीतांची गायन पार्टी. पुढे हार्मोनियमवर गुणवंतराव, बाजूला ढोलकीवर खुशाल आणि मागे कोरसच्या माईकवर बायनाबाई. गोंडपिपरीपासून सिरोंच्यापर्यंत जिथे जिथे विहार आहे, तिथे ही पार्टी जाऊन आली होती. कुणी गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन असो की जयंती, लोक आधी विचारायचे, "गुणवंतभाऊ येते का?" आणि मगच तारीख ठरायची. पत्रिकेवर 'गुणवंत रामटेके आणि संच' असं छापलेलं असायचं. बायनाबाई त्या संचात होती.

याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. बाविसाव्या वर्षी नवरा गेला तेव्हा ती लोकांच्या बांधीत भाताच्या रोवणीला जायची. विहारात वंदनेच्या वेळी तिचा जाड, भरीव आवाज गुणवंतरावांनी ऐकला आणि तिला पार्टीत घेतलं. ते स्वतः गाणी लिहायचे. वहीतली गाणी तिला वाचता यावीत म्हणून त्यांनी आणि त्यांच्या बायकोने, रंभावहिनीने, घरी बसवून तिला बाराखडी शिकवली. त्याच दिवसांवर त्यांनी एक गाणं रचलं, 'अक्षर आलं घराला गं माय'. पार्टीचं सगळ्यात गाजलेलं गाणं तेच. गाणं बाईच्या तोंडचं असलं तरी म्हणायचे मात्र गुणवंतराव.

दोन वर्षांपूर्वी आष्टीला जयंतीच्या दुपारी हेच गाणं चाललं होतं. शेवटची ओळ वर चढते. गुणवंतरावांनी ती उचलली आणि घशातून नुसती हवा आली. बायनाबाईचं तोंड आपोआप उघडलं. तिने ती ओळ मागून, त्यांच्याच पट्टीत पूर्ण केली. गुणवंतराव ओठ हलवत राहिले. त्यांचा आवाज पुरुषाच्या मानाने बारीक, हिचा बाईच्या मानाने जाड; दोन्ही जवळपास सारखेच. त्यात भोंग्यांचा घुमारा. मंडपात कुणाला फरक कळला नाही. टाळ्या पडल्या. परतताना गाडीत खुशालने एकदाच मान वळवून बायनाबाईकडे पाहिलं.

मग ती सवयच पडली. आधी एक ओळ, नंतर एक कडवं, नंतर अर्धा कार्यक्रम. कुणी न सांगता खुशाल कार्यक्रमाआधी आवाजाच्या मशीनवर भाऊंचा माईक बारीक करून मागचा वाढवू लागला.

"बाई, तू तरी सांगून पाय ना," रंभावहिनी म्हणायची. "दवाखान्यात चला म्हनलं की मायावरच खेकसते."

बायनाबाईने एकदा सांगूनही पाहिलं. "थंडीचा घसा हाय, होते बरा," गुणवंतराव म्हणाले. कार्यक्रम तर चांगलेच होत होते. दवाखान्याची घाई कुणाला वाटणार?

या फेब्रुवारीत घोटजवळच्या एका गावात कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारी पुढे आली आणि गुणवंतरावांचे दोन्ही हात धरून म्हणाली, "भाऊ, काय आवाज हाय गा तुमचा! पंधरा वर्साआधी आयकला, आजबी तसाच." गुणवंतराव हसले, हात जोडले. बायनाबाई माईकची वायर गुंडाळत होती. तिला राग आला, आणि त्या रागाची तिला लगेच लाजही वाटली. तेवढ्यात गुणवंतरावांना ठसका लागला. त्यांनी रुमाल तोंडावर धरला. तो खिशात घालताना तिला त्यावर लाल ठिपका दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांच्या घरी गेली. ते अंगणात पेपर वाचत होते.

"भाऊ, आता मी पार्टीत नाई येत."

"काऊन? तब्येत बरी नाई का?"

"तब्येत बरी हाय. एकटीच गाईन म्हनते."

गुणवंतरावांनी पेपर खाली ठेवला. "एकटी? तुले एकटीले कोन बोलावून राह्यलं?"

"वस्तीतल्या पोचूभाऊनं इचारलं. त्याच्या बायकोच्या पुण्यानुमोदनाले. साधं घरचंच हाय, म्हने."

"सव्वीस वर्सं, बायना." त्यांचा आवाज आता घोगराही उरला नव्हता, नुसता घासत होता. "हात धरून अक्षर शिकवलं म्या तुले."

"मालूम हाय भाऊ. पन मी मागं हावो, तोवर तुमी दवाखान्यात जात नाई. रुमालावरचं पाह्यलं म्या काल."

"माया घशाचं नाव घेऊ नोको!" ते उठून उभे राहिले. "तुले नाव पायजे. ते सरळ सांग ना."

बायनाबाईला नाही म्हणता आलं असतं. पण ते खोटं झालं असतं.

"पायजे," ती म्हणाली. "तेबी पायजे."

गुणवंतराव पाठ फिरवून घरात गेले. रंभावहिनी दारात हात पुसत उभी होती.

पोचूच्या घरी बायनाबाई भरदुपारी गायली. ढोलकी नाही, पेटी नाही. सव्वीस वर्षं तिने माणसं गुणवंतरावांच्या खांद्यावरून पाहिली होती. आता मध्ये कुणी नव्हतं आणि पोचूचे रडून सुजलेले डोळे सरळ तिच्यावर होते. दुसऱ्या कडव्याला ती विसरली. थांबली.

"सावकास म्हन वो बाई," पोचूची म्हातारी माय म्हणाली. "आमाले कोठी जायचं हाय?"

बायनाबाई घोटभर पाणी प्यायली आणि तिने गाणं पहिल्यापासून धरलं. या खेपेला भाऊंची पट्टी सोडून तिने आपली खालची धरली, आणि शब्द आपोआप आठवत गेले.

त्याच महिन्यात गडचिरोलीला गुणवंतरावांचा कार्यक्रम झाला. काय घडलं ते खुशालने दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं. ती वरची ओळ आली आणि कुणी उचलली नाही. लोकांना वाटलं माईक बंद पडला. कुणीतरी "आवाज, आवाज!" म्हणून ओरडलं. गुणवंतरावांनी हार्मोनियमचा भाता बंद केला आणि ते खाली उतरले.

वस्तीत एकच बोलणं सुरू झालं, बायनानं भाऊले ऐन टायमाले सोडलं. नळावर बाया तिला पाहून गप्प व्हायच्या. तिने ते सगळं मुकाट सोसलं. आपण का सोडलं, हे निदान तिला ठाऊक होतं.

तीन आठवड्यांनी रंभावहिनी तिच्या दारात येऊन उभी राहिली. गुणवंतरावांना नागपूरच्या दवाखान्यात दाखवून ती त्याच दिवशी सकाळी परतली होती.

"तू गेली म्हनून ते डॉक्टरकडं गेले, बाई," ती म्हणाली. "कॅन्सरची गाठ हाय. आवाजाची पेटीच काढा लागते. जीव वाचन, म्हने." मग म्हणाली, "दोन वर्साआधी आनलं असतं त नुसत्या किरणाच्या शेकावर भागलं असतं. आवाजबी राह्यला असता."

वहिनीच्या बोलण्यात ठपका नव्हता. डॉक्टर जे बोलला ते तिने जसंच्या तसं सांगितलं. ती गेल्यावर बायनाबाई कितीतरी वेळ उंबऱ्यातच बसून राहिली. पार्टी सोडली म्हणून जग तिला बोल लावत होतं आणि त्याला द्यायला तिच्याजवळ उत्तर होतं. पण दोन वर्षं आपण मागे बसून त्यांच्या बदली गात राहिलो, त्याचं काय? ते तर कुणी विचारतही नव्हतं.

ऑपरेशन होऊन महिना झाला तेव्हा, मे महिन्यात, ती त्यांना भेटायला गेली. गुणवंतराव पडवीत बसले होते. गळ्याला मध्यभागी छिद्र, त्यावर पांढरं फडकं बांधलेलं. मांडीवर शाळेतली पाटी. तिला पाहून त्यांनी बाजूची खुर्ची दाखवली.

"भाऊ, आष्टीले म्या तोंड उघडाले नाई पायजे होतं," ती म्हणाली. हे वाक्य ती घरून ठरवून आली होती.

त्यांनी पाटीवर लिहिलं, 'तू नसतं उघडलं, त मी त्याच दिवशी खाली उतरलो असतो.'

तिने दोनदा वाचलं. हे आभार की आरोप, तिला कळेना. त्यांनी ते पुसलं आणि पुन्हा लिहिलं, 'मले बी टाळ्या गोड लागत होत्या.'

बायनाबाईने पदर तोंडाला लावला. गुणवंतराव समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांकडे पाहत राहिले. जरा वेळाने ती म्हणाली, "परवा सिरोंच्याले बोलावलं हाय. तिथी हे लोकाईले सांगू का? तुमची इज्जत जाईन, मालूम हाय. तुमी नाई म्हना, मी नाई सांगत."

गुणवंतरावांनी पेन्सिल हातात धरली, पण लिहिलं नाही. आतून रंभावहिनी चहा घेऊन आली. त्यांनी कप घेतला, घोट घोट करत संपवला, कप खाली ठेवला. मग लिहिलं, 'सांग. पन नाव घेऊन सांग. नुसतं एक मानूस म्हनू नोको.'

तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याला विहारापुढच्या मंडपात दुपारी चारला कार्यक्रम सुरू झाला. खुशाल ढोलकी घेऊन आला होता. वंदना झाली. बायनाबाईने माईक जवळ ओढला आणि सांगायला लागली: आष्टी, ती ओळ, दोन वर्षं, रुमाल, नागपूर. गुणवंतराव रामटेके हे नाव तिने तीनदा घेतलं. पुढच्या रांगेतला एक जण "फसवलं म्हना ना आमाले!" म्हणून मोठ्याने बोलला आणि उठून गेला. तिने त्याला जाऊ दिलं.

"हो, फसवलं," ती म्हणाली. "घरात कोनाचा आवाज बसला असन त त्याच्या बदली बोलू नोका. त्याले दवाखान्यात न्या."

बायांच्या बाजूला एक पोक्त बाई तेलुगूत शेजारणीला काहीतरी विचारत होती आणि मधूनच पुरुषांच्या बाजूला घोगरं खोकत बसलेल्या आपल्या नवऱ्याकडे पाहत होती. खुशालने ढोलकीवर हात ठेवला आणि बायनाबाईने आपल्या पट्टीत पहिलं गाणं धरलं.