सतरा नंबरच्या घरातली मुलगी

"निंगव्वा, ही तीन वर्षांची मुलगी कुठंय?" वच्छलानं यादीवरून मान न उचलता विचारलं.

"पोरगी? मेंढरं मोजलीसा का काय बाई?" चुलीपुढं बसलेली निंगव्वा हसली. घरात ती आणि नवरा धुळाप्पा, दोघंच. तो मेंढरामागं रानात गेलेला.

वच्छला सोलापूरच्या एका संस्थेत कारकून होती. एकाहत्तर सालच्या मोजणीवरून अक्कलकोटकडच्या या वाडीची कार्डं पुण्याच्या संगणकात घातली होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं यंत्र ऐंशीपर्यंत दर वर्षाचं ठरवायचं. कुठल्या घरात पाळणा हलेल, कोण मरेल, कोण गाव सोडील. आता सत्त्याहत्तरात खरी माणसं मोजून ताळा घ्यायचा होता. एखादं घर चुकलं तरी वाडीची बेरीज जुळली की झालं, असं साहेब म्हणाले होते. जे माणूस नसेल, त्याच्या ओळीवर तांबडी पेन्सिल.

हे सगळं सोपं करून सांगत तिनं पेन्सिल काढली. ही पोर यंत्रानं मनानंच जन्माला घातलीय, म्हणाली.

"कंच्या साली?"

"चौऱ्याहत्तर."

निंगव्वाचं हसू गेलं. त्याच साली सुगीत तिला मुलगी झाली होती, तिनं सांगितलं. ती रडलीच नाही. सुईणीनं तोंड दाखवलं, धुळाप्पानं बांधाला पुरलं. कुठल्या दप्तरात नोंद नाही. वाडीत कुणी विषयही काढत नसे.

वच्छलानं यादीतलं साल पुन्हा वाचलं. योगायोग, तिनं स्वतःला बजावलं.

"खोडू नगा बाई," निंगव्वा हळू म्हणाली. "तितं तरी चालतीया की ती. फुडं बगा, किती मोटी हुतीया."

वच्छलानं पान उलटलं. अठ्ठ्याहत्तर, वय चार. एकोणऐंशीच्या ओळीत वयापुढं नऊचा आकडा होता. यंत्राच्या खुणांत नऊ म्हणजे मृत्यू.

निंगव्वा तिच्या तोंडाकडं बघत होती. सासूपाशी ठेवून आलेलं तान्हं आठवून वच्छलाच्या छातीत दूध दाटून आलं. सत्त्याहत्तरची ओळ तिनं तशीच सोडली. पेन्सिल त्या नऊवर टेकवली आणि कागद फाटेस्तोवर गिरवत राहिली.

"काय खोडलंसा?"

"यंत्राची चूक होती. पाचवं लागेल तिला. मग शाळा."

निंगव्वानं मान डोलावली. उठून तिनं भुईवर पडलेला विळा उचलला आणि वर वाशात खोचला, लहान हात पोचणार नाही इतका उंच.