कोणी न तुडवलेलं गवत

लढाईवरून ईश्वरदास दोन्ही पायांनिशी परत आला, म्हणून पुष्पलतेनं गल्लीत पेढे वाटले. पाय आले, पण चालणं सीमेवरच राहिलं, हे तिला मागाहून कळलं. तिकडे त्याच्या पुढं चालणाऱ्या सोबत्याचा पाय सुरुंगावर पडला होता. तेव्हापासून ईश्वरदास दुसऱ्यानं पाऊल टाकलं असेल तिथंच आपलं टाकी. डांबरी सडकेवर बरं चाले. गवताचं मात्र नाव नको. आता कोष्ट्याचं घर म्हटलं, की सुताला खळ लावायला ताणा पहाटे मैदानातच पसरावा लागतो. दिराला हाताशी धरून पुष्पलता ते उरकी, आणि हा सडकेच्या कडेला उभा राहून "तिकडं धागा तुटला" असं सांगे. बाया हसत. पुष्पलताही हसे. घरी आल्यावर पिठाच्या डब्यापाशी ती काय बोले, ते तिचं तिला ठाऊक.

इलाज काढला देवाजीनं. हा त्याच पलटणीतला पेन्शनर हवालदार. लढाईहून आलेले आणखी तिघं त्यानं गोळा केले. कोणाला झोप नाही, कोणी फटाका वाजला की खाटेखाली. दर रविवारी त्यांना जंगलात, टेकड्यांवर न्यायचं.

"डाक्टर गोळी देते, मी पहाडी देतो," तो म्हणाला.

"अन् फरक नाही पडला तं?"

"भूक तं लागन, वयनी! रोडगे तुम्ही करा."

बरेच रविवार गेले. भूक सगळ्यांना लागली, फरक ईश्वरदासला पडेना. त्या माघातल्या रविवारी उमरेडच्या एस.टी.त देवाजी तिला हळूच म्हणाला, "आज नाही जमलं तं मी हात टेकले, वयनी."

वरात टेकडी चढू लागली. ईश्वरदास त्या तिघांतल्या, पुढं चालणाऱ्या रुपरावच्या बुटाच्या ठशावर नेमका बूट ठेवत होता.

"काहून गा, नवरीसारखा मागं मागं चालून राहिला?" रुपराव म्हणाला.

"तू सीधा चाल नं! लंगडी खेळून राहिला का?"

वर मोठ्या झाडाखाली गवऱ्या पेटल्या. रोडगे निखाऱ्यात गेले, वांग्याच्या भाजीला तर्री आली. पाच पाच फौजी, चहूकडं नजर. झाडावर तेवढं कोणी पाहिलं नाही. धूर सरळ आग्या मोहोळात शिरला.

घोंघों झाली तसा देवाजी सवयीनं ओरडला, "लेट पोजिशन!"

आणि पाचही जवान धाडकन पालथे! कोपरं जमिनीला, पाठी आभाळाला. मधमाश्यांची एवढी सोय आजवर कोणी केली नसेल.

पलटणीत न गेलेली पुष्पलता तेवढी पदर गुंडाळून पळाली. "अवो, माश्या हाय त्या! पया नं!" पायवाट वळसा घेत नाल्याकडं उतरत होती. वळणावर तिचा पाय मुरगळला आणि ती उतारावरून गवतात गडगडली.

"अजी!"

ईश्वरदास वरच्या काठावर येऊन थांबला. दोघांच्या मधे छातीइतकं गवत; ती त्यातून गडगडली होती, पण पाऊल त्याला कोणाचं लागलं नव्हतं. त्यानं एक पाय उचलला आणि तसाच धरला. तो अधांतरी पाय तिनं मैदानाच्या कडेला रोज पाहिला होता. 

"राहू द्या," ती म्हणाली. "नका येऊ. मीच पाहतो कसं यायचं ते."

तिनं उठायचा यत्न केला आणि कळवळून खाली बसली. तसा तो आला. डोळे गच्च मिटून, देवाजीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, गवत फाडत आला.

"अजी, पाय!"

"कुठी? काय हाय खाली?" तो जागीच थिजला.

"माहा हात हाय! उचला!"

मग मात्र तिला हसू आवरेना. हसणाऱ्या बायकोला पाठुंगळी घेऊन तो गवतातूनच नाल्यापर्यंत गेला. मागून बाकीचे आले, गळाभर पाण्यात बसले. देवाजीचं तोंड कोहळ्याएवढं झालं होतं.

ईश्वरदास उताराकडं पाहत राहिला. गवतात मोडकी रेघ पडली होती.

"कोण आलं वं इकून?"

"तुम्हीच."

"डोये उघडे होते?"

"नाही."

 तो सुजलेला कान चोळत उठला. "रोडगे जयतीन तिकडं निखाऱ्यात."

"माश्या असतीन तिथं!"

"मंग त्या बाजूनं जातो," म्हणत त्यानं रेघ सोडली आणि पलीकडच्या उभ्या गवतात पाऊल घातलं. दुसरं घालायला बराच वेळ लागला. देवाजी उठायला गेला, तशी पुष्पलतेनं त्याची बाही धरली.

गवतातली हालचाल हळूहळू वर सरकत होती. ती ओरडली, "अन् भाजी सांडू नका!"