पिल्लाची हाक

मित्रांनो, दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबून बघा. आत घुमल्यासारखे वाटते ना? आता कल्पना करा, तुम्ही खोल समुद्रात आहात. माझे निम्मे आयुष्य तिथेच गेले. मी एक जुना, पाण्यात सोडायचा माईक आहे. अंगठ्याएवढा, काळ्या रबरात गुंडाळलेला, मागे वायरीची लांबलचक शेपटी.

कारखान्यात माझी परीक्षा बादलीत झाली. पुढे आवाज टिपणाऱ्या एका ताईने मला बोटीवरून खाली सोडले. पाण्याखाली लाटांची गाज नव्हतीच! नांग्या आपटणाऱ्या कोळंब्यांची कडकड होती, आणि एकदा तर फार लांबून देवमाशाच्या पिल्लाची हाक आली. ताई नाचायचीच बाकी राहिली. "शाब्बास रे माझ्या काळ्या!" म्हणाली.

मग नवे माईक आले. मी तिच्या टेबलाखालच्या खोक्यात जाऊन पडलो.

परवा त्याच टेबलावर एक गोष्टीचे पुस्तक तयार होत होते, टॅबलेटवरचे. त्यात देवमाशाचे पिल्लू हरवले आहे. वाचणाऱ्याने त्याची हाक ऐकत बोट फिरवायचे आणि आईला त्याच्यापर्यंत न्यायचे. जवळ गेले की हाक मोठी होते. पण प्रकाशककाकांनी पानोपानी गाज आणि बासरी भरून घेतली होती.

पहिली वाचक होती ताईची भाची. त्या गोंगाटात तिला हाक ऐकूच येईना; बोट नुसतेच भिरभिरले.

"मावशी, पिल्लू रुसलंय का गं? बोलतच नाही."

काकांनी घड्याळ पाहिले. "राहू दे. आवाज काढून टाकू सगळे. चित्रं छान आहेत की!"

ती हाक मी टिपलेली होती!

"काका, दहाच मिनिटं द्या," ताई म्हणाली. "लाटा वर असतात हो. आपण खाली आहोत." तिने गाज काढली, बासरी काढली आणि माझी जुनी कडकड लावली.

"अगं, हे काय? लाह्या फुटतायत का?" काका म्हणाले.

"शू!" भाची म्हणाली. तिने मान तिरकी केली. बोट हळूहळू सरकले, थांबले, डावीकडे वळले. हाक मोठी झाली. आणखी मोठी. आई पिल्लाला भेटली!

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून, वायर नीट गुंडाळून ठेवत जा. आणि समुद्र वाचताना थोडे गप्प बसून ऐका.

मग भाचीने पुस्तक पुन्हा पहिल्या पानावर आणले, काकांचे जाडजूड बोट धरून पडद्यावर टेकवले आणि म्हणाली, "आता तुमची पाळी. बोलायचं नाही हं!"