२१३ नंबरची चिंच

"मॅडम, टेप बाहेरनं फिरतीय. आतलं लाकूड ऱ्हायलंय का न्हाई, ते मोगरीनं ठोकल्याबिगर कळत न्हाई," जुने वनमजूर रंगनाथमामा पहिल्याच दिवशी म्हणाले होते. मी हसले. मी बी.एस्सी. झालेली, रस्त्याकडेच्या झाडांच्या गणतीचं कंत्राटी काम, दिवसाला साठ झाडं व्हायलाच हवीत. छातीच्या उंचीवर घेर घ्यायचा, खोडावर नंबर रंगवायचा, शेवटच्या रकान्यात 'सुदृढ' लिहायचं. ठोकत कोण बसतं?

पारनेर रस्त्याच्या फाट्यावर मालनबाई २१२ नंबरच्या चिंचेखाली उकडलेल्या शेंगा विकायच्या. माझ्या दीड वर्षाच्या निकिताला मी त्यांच्याजवळ ठेवायचे. तिला ऊन लागेल, रस्त्यावर धावेल, दाणा घशात अडकेल, सगळ्या भीती मला होत्या. झाडाची तेवढी नव्हती. घेर तीन मीटर बेचाळीस.

त्या दुपारी वाऱ्याचं नाव नव्हतं. वर कडाडलं तशी मालनबाईंनी निकिताला लांब ढकललं. पोरीचा गुडघा खरचटला. मालनबाईंचा खुबा फांदीखाली मोडला. फांदी जिथून उखडली तिथे खोडात लाकूड नव्हतंच, नुसता भुसा.

पंचनाम्यात 'वादळी वाऱ्याने' असं लिहिलं. मी वाचलं, पण दुरुस्त करायला सांगितलं नाही.

चार महिन्यांनी मालनबाई काठी टेकत परत आल्या आणि शेजारच्या चिंचेखाली बसल्या. २१३. मी मोगरी घेऊन गेले, ठोकली. ढोलकीसारखी पोकळ वाजली. कार्यालयात सांगितलं, तर साहेब म्हणाले, "तुमच्याच सहीनं सुदृढ आहे ना ती? फेरमोजणी पाच वर्षांनी."

मालनबाईंचे पाय धरले, इथून उठा म्हटलं.

"का गं? तुझ्याच कागदावर चांगलं हाय ना त्ये झाड?" त्या शेंगा मापत म्हणाल्या. "पोर बसवलीस तवा ठोकायचं न्हाई सुचलं व्हय?"

आता नवऱ्याची बदली झाली, आम्ही श्रीरामपूरला आलो. त्या माझा फोन उचलत नाहीत. तुम्ही राळेगणसिद्धीकडून पारनेरला जात असाल, तर फाट्यावर जरा थांबा. पांढऱ्या रंगातला २१३ माझ्याच हातचा आहे. मालनबाई बऱ्या आहेत का, तेवढं बघा. शेंगा घ्या, पण उन्हात उभं राहून, त्यांनाच बाहेर बोलावून घ्या. माझं नाव मात्र काढू नका. ते ऐकलं तर त्या उठायच्या नाहीत.