पाठकोरा कागद

लेकीने कागद टेबलावर ठेवला, हाताने सपाट केला आणि टोपण काढून पेन बापाच्या हातात दिलं.

"खाली सही करा, बाबा. तारीख मी घातलीय."

"आधी वाच तरी."

"दोनदा वाचलंय मी."

"तू वाचलंस. मी कुठे ऐकलंय?"

तिने उसासा टाकला आणि वाचायला घेतलं. हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांना लिहिलेली ती तक्रार होती. आईला लघवीची जळजळ आणि ताप म्हणून दाखल केलं, अठराव्या दिवशी ती गेली. एकाही औषधाला न जुमानणारा जंतू तिला वॉर्डातच लागला. दुपारच्या पाळीच्या सिस्टरने हात न धुता सलाईन लावलं, तिला कामावरून काढा. पुढचं वाक्य तिने जरा जोरात वाचलं. 'माझ्या आईने आयुष्यात कधी डोकेदुखीची गोळीसुद्धा घेतली नव्हती.'

म्हाताऱ्याने पेन खाली ठेवलं.

"हात न धुता? तू पाहिलंस?"

"पाहायला कशाला हवं? मग जंतू आला कुठून, आभाळातून पडला?"

 हीच सिस्टर शेवटच्या आठवड्यात बायकोचे केस विंचरायची. म्हणायची, "आजी, एवढे केस मला असते ना, तर मी नोकरीच केली नसती." बायको तापातही हसायची.

औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून त्याची एकतीस वर्षं गेली होती. शिक्षण बेताचं, पण गोळ्यांची नावं तोंडपाठ. कोणी दोन मागितल्या की दोन, चार मागितल्या की चार. कात्रीने पट्टी कापायची आणि पुढे सरकवायची. घरीही तेच. उन्हाळी लागली, लघवीला जळजळ व्हायला लागली, की बायको स्वयंपाकघरातूनच हाक मारायची, "डॉक्टरसाहेब, पेशंट आलाय!" तो संध्याकाळी सहा गोळ्या आणायचा. तिसऱ्या दिवशी तिला बरं वाटायचं, गोळ्या बंद. पुढे ती गोळी लागू पडेना, तेव्हा त्याने वरची, जास्त जोराची आणली. काही वर्षांनी तिच्याहून वरची. आमच्याकडे दवाखान्याची पायरी कोणी चढत नाही, असं बायको शेजारणींना सांगायची, आणि तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. छाती मात्र फुगायची. लेक तेव्हा लग्न होऊन दूर गेली होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

वॉर्डात डॉक्टरांनी विचारलं होतं, "याआधी कोणत्या गोळ्या घेतल्यात यांनी? अंगातले जंतू अर्धवट घेतलेल्या औषधांना सरावल्यासारखे दिसतायत."

उत्तर लेकीनेच दिलं होतं. "छे हो, आईला गोळ्यांचा तिटकारा आहे."

बायकोने उशीवरून एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. तेव्हाही तो काही बोलला नव्हता.

"बाबा, करताय ना सही? पाचला ऑफिस बंद होतं त्यांचं."

"ती सिस्टर अजून आहे कामावर?"

"आहे ना. म्हणून तर म्हणतेय, घाई करा."

त्याने पेन उचललं आणि कागद उलटा केला.

"अहो, तिकडे नाही, पुढच्या बाजूला. ती बाजू कोरी आहे."

तो लिहायला लागला होता. आधी वर्ष, मग गोळीचं नाव, त्यापुढे 'तीन दिवस'. खाली दुसरं वर्ष, तीच गोळी, 'तीन दिवस'. अक्षर बारीक होतं, दुकानात माल मागवायची यादी करावी तसं, एकाखाली एक. कुठे अडत नव्हता. पाचव्या ओळीला गोळीचं नाव बदललं.

"हे काय लिहिताय?"

"तुझ्या आईच्या गोळ्या."

"कोणी दिल्या तिला?"

"मी."

लेक त्याच्या खांद्यामागे उभी राहून वाचत होती. मग तिने खुर्ची ओढली आणि बसली. घड्याळाकडे तिने पुन्हा पाहिलं नाही. कागद भरत आला तेव्हा म्हणाली, "बाबा, हे तिकडे द्यायचं?"

त्याने होकारार्थी मान हलवली. कागद तळापर्यंत भरला होता आणि शेवटची चार वर्षं अजून राहिली होती.

"दुसरा कागद दे," तो म्हणाला.