ठिपक्यांचा रुमाल आणि मी

शाळेच्या मैदानामागच्या गवतात जे गंजकं धूड बसलंय ना मित्रांनो, ज्याच्या सीटवर तुम्ही दप्तरं फेकता आणि ज्याला परवा तुमच्यातलाच एक शहाणा भंगार म्हणाला, तो मी. मी एक जुना डिझेलचा ट्रॅक्टर आहे. मला चाकं नाहीत, लोखंडी साखळ्या आहेत. त्या साखळ्यांवर मी इथं माझा मी चालत आलोय, कुणी ढकलत आणलेलं नाही. भंगार म्हणायच्या आधी एवढं ऐकून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. तिथं मला तापवलं, ठोकलं आणि वर असा पिवळा रंग चढवला की त्यात तोंड दिसावं. चाकांचे ट्रॅक्टर जिथं गाळात रुतून रडकुंडीला यायचे, तिथं मला बोलावणं यायचं. मी तळ्यांचा गाळ ओढला, झाडांचे बुंधे मुळासकट उपटले. तुम्ही पळता त्या मैदानाच्या जागी पूर्वी टेकाड होतं. तेही मीच कापलं. तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल. जागा एकदा सपाट झाली की तिथं आधी काय होतं, हे विचारतो कोण?

मला चालवणारा माणूस एकच. लोक त्याला वस्ताद म्हणायचे. आडदांड गडी, पण माझ्या दांड्यांना हात लावायचा तो तान्ह्या बाळाला लावावा तसा. एकदा मालानं भरलेला ट्रक नदीच्या चिखलात दारापर्यंत बुडाला होता. मी तो ओढून वर काढला, तेव्हा काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. वस्ताद माझ्यावर थाप मारून म्हणाला, "टाळ्या याला. मी नुसता बसलो होतो." ते कौतुक मी अजून विसरलेलो नाही.

वस्तादाचं घर आणि माझी शेड समोरासमोर, मध्ये अंगण. त्याच्या बायकोला सगळे वहिनी म्हणायचे. तिच्या जिभेला धार होती आणि मान कायम ताठ. माझं इंजिन सुरू झालं की भांडी हलतात म्हणून ती रोज भांडायची, आणि एखाद्या दिवशी सुरू झालं नाही की सगळ्यात आधी तीच दारात यायची.

आम्ही दोघं म्हातारे होत गेलो, वस्ताद आणि मी. माझ्या टाकीच्या तोंडातली जाळी सडून गेली. तसली जाळी कुठं मिळेना. मग वस्तादानं वहिनीचा डोक्याला बांधायचा जुना रुमाल मागितला, टाकीच्या तोंडावर धरून डिझेल गाळायला. तिनं एकाच कापडाचे दोन शिवले होते, निळे, पांढऱ्या ठिपक्यांचे.

"माझा रुमाल याच्या तोंडाला?" ती म्हणाली. "माझ्यापेक्षा याचेच लाड जास्त!"

"तो कुरकुर करत नाही."

"करील कशाला? त्याला कधी तुमचे कपडे धुवावे लागलेत?"

पण रुमाल दिला तिनं. धुऊन, घडी घालून दिला.

एका सकाळी वस्ताद टाकीत डिझेल ओतत होता. रुमाल तोंडावर पसरलेला, एका हातानं धरलेला. अचानक तो हात सैल पडला. डबा खाली गडगडला, रुमाल डिझेलच्या धारेबरोबर आत गेला आणि वस्ताद माझ्या साखळीशी कोसळला. घरातून सगळे धावत आले आणि त्याला उचलून घेऊन गेले. नंतर त्याच्या धाकट्या भावानं येऊन टाकीचं झाकण लावलं. आत काय पडलंय ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्या धावपळीत रुमालाची आठवण कुणाला राहिली नाही. ठाऊक होतं दोघांनाच, मला आणि वस्तादाला. मला तोंड नाही. आणि वस्ताद दवाखान्यातून परत आला तेव्हा त्याचं उजवं अंग लुळं पडलं होतं, वाचा गेली होती.

त्याची खाट खिडकीशी लावली. तिथून त्याला मी दिसायचो आणि मला तो. तो घास तोंडात घेईना. वहिनी चमचा घेऊन बसायची, तो तोंड फिरवायचा.

शेवटी ती दिराला म्हणाली, "भावजी, ते धूड चालू करा. त्याचा आवाज कानावर पडला तर हे चार घास खातील. माझ्या हातचं तर नकोच झालंय."

धाकटा गॅरेजमध्ये काम करायचा. त्याच्या हातात कसब होतं. त्यानं मला सुरू केलं आणि मी जोरात गरजलो. खिडकीत वस्तादाचे डोळे चमकले, त्यानं एक घास घेतला. वहिनीनं दुसरा भरेपर्यंत मी खोकलो आणि बंद पडलो.

कारण सांगतो. इंजिन डिझेल ओढू लागलं की तो रुमाल तरंगत यायचा आणि टाकीच्या तळाच्या भोकावर चिकटायचा. माझा घसाच आवळला जायचा. मी बंद पडलो की ओढ थांबायची, रुमाल सुटून बाजूला जायचा. म्हणून पाइप सोडून बघितला की क्षणभर धार कशी अगदी झकास.

"टाकीतून तर व्यवस्थित येतंय," धाकटा डोकं खाजवत म्हणाला. "पाइपात हवा धरलीय, वहिनी."

"हवा तुमच्या डोक्यात धरलीय!"

त्यानं हवा काढली, फिल्टर बदलला, पंप उतरवून दुरुस्तीला नेला. बिचाऱ्यानं करायचं काही बाकी ठेवलं नाही. मी दर वेळी सुरू व्हायचो, दर वेळी वस्ताद एखादा घास घ्यायचा आणि दर वेळी मी मान टाकायचो.

तेव्हा वस्तादानं ते सुरू केलं. मी बंद पडलो की तो डावा हात वर करायचा, वहिनीच्या डोक्यावरचा रुमाल धरून ओढायचा, आणि मग माझ्याकडे बोट करायचा. वहिनी लाजून लाल व्हायची. बघायला आलेल्या बायका तोंडाला हात लावून हसायच्या. "आता बरे लाड सुचले वस्तादांना!"

"सोडा," ती हात झटकून म्हणायची. "चारचौघांत काय हे! मला कामं पडलीत."

तो पुन्हा ओढायचा. ती पुन्हा सोडवून घ्यायची. मी समोरून बघत होतो मित्रांनो. लोखंडाला रडता येत नाही, हे तेव्हा फार टोचलं.

एक दिवस ती वैतागली. डोक्यावरचा रुमाल सोडून तिनं त्याच्या हातात कोंबला. "घ्या! एवढा हवा आहे ना, धरून बसा!" त्यानं तो मुठीत धरला, खिडकीतून माझ्याकडे नाचवला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. डोळे पुसायलाच मागत होता असं तिला वाटलं. तिनं त्याच रुमालानं त्याचे डोळे पुसले.

त्यानंतर त्याचा हात फारसा उठला नाही. वस्ताद गेला तेव्हा रुमाल त्याच्या मुठीत होता. बोटं सोडवून काढावा लागला.

मग भंगारवाला आला. गॅसनं कापायचं तर आधी टाकी रिकामी हवी. धाकट्यानं खालची नळी सोडून डबा लावला. धार आली आणि थांबली. टाकी तर अर्ध्याहून जास्त भरलेली. त्यानं वरून वाकडी तार घातली, चाचपलं आणि काळं, गळतं काहीतरी बाहेर ओढलं.

"फडकं दिसतंय कसलं," तो म्हणाला.

वहिनीनं ते हातात घेतलं. अंगठ्यानं चोळलं. काळ्यातून एक पांढरा ठिपका वर आला, मग दुसरा. ती माझ्या साखळीवर मटकन खाली बसली.

"हे सांगत होते ते, भावजी," ती म्हणाली. "आणि मी हात झटकत होते."

भंगारवाल्यानं टोपी काढली.

बऱ्याच वेळानं ती उठली. घरातून दुसरा रुमाल आणला, वस्तादाच्या मुठीतला. माझ्या टाकीच्या तोंडावर तो स्वतः ताणून बांधला. "काढलंत ते डिझेल यातून गाळून परत घाला."

धाकट्यानं ओतलं, पाइपातली हवा काढली आणि मला सुरू केलं. मी चाललो. खोकलो नाही, अडखळलो नाही. घरातली भांडी हलू लागली. वहिनीनं आत जाऊन खिडकी सताड उघडली आणि रिकाम्या खाटेशेजारी उभी राहिली.

"बंद करू का, वहिनी?" धाकट्यानं अंगणातून विचारलं.

"नको. त्यांनी सपाट केलेल्या मैदानापाशी न्या. डिझेल संपेल तिथं राहू दे."

ते संपलं ती ही जागा.

मित्रांनो, माझ्यावर चढा, खेळा, मी काही बोलायचो नाही. पण घरात कुणी बोलू न शकणारं माणूस तुमचा हात ओढत असेल, कपडा ओढत असेल, तर झटकू नका. त्याच्याजवळ बसा. ते कुठं बघतंय ते बघा. आणि माझ्या टाकीवरचा विटका रुमाल ओढू नका. वहिनी अधूनमधून काठी टेकत येते, त्याची गाठ घट्ट करते आणि परत जाते. टाकीत थेंबभर डिझेल नाही, हे तिला ठाऊक आहे.